पॅडवरून कपवर यायचं आहे: माप, घडी, बोअरचं पाणी आणि कॉपर-टी

सदाफुली

पॅड सोडून मेन्स्ट्रुअल कप, म्हणजे पाळीत योनीत घालून रक्त साठवणारा मऊ कप, वापरायचं ठरवलंय. जाहिराती आणि व्हिडिओ बरेच पाहिले. सगळीकडे 'घडी घाला, आत सरकवा, बारा तास विसरून जा' इथवरच सांगतात. माझ्या अडचणी त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या आहेत.

वय ३४, एक नॉर्मल बाळंतपण. कंपन्यांच्या तक्त्याप्रमाणे मोठा कप घ्यायला हवा. ते खरंच वयावर ठरतं का?

कॉपर-टी बसवून दीड वर्ष झालं. कप ओढताना ती सरकते म्हणतात. कितपत खरं?

पाणी बोअरचं, जड. कुकरच्या तळाला पांढरा थर बसतो तसा कपवरही बसेल ना?

ऑफिसात भारतीय पद्धतीचा संडास आहे, आत फक्त नळ आणि मग. बेसिन बाहेर, सगळ्यांच्या समोर.

आणि शेवटचं: घर एकत्र, गॅस एकच. कप उकळायला पातेलं ठेवणं म्हणजे घरात परिषद भरणार. दुसरा काही मार्ग?

'माझं आयुष्यच बदललं' हे खूप वाचून झालं. मिलिमीटर, मिनिटं आणि कारणं सांगितलीत तर उपकार होतील.

रानजाई

आधी बोट, मग कप. वय आणि बाळंतपण हा कंपन्यांनी सोयीसाठी काढलेला ठोकताळा आहे. खरं माप गर्भाशयमुखाच्या उंचीचं, आणि ते घरीच घेता येतं.

पाळीच्या दुसऱ्या दिवशी मोजा. गर्भाशयमुख महिनाभर एका जागी नसतं, आणि पाळीत बहुतेकींचं खाली आलेलं असतं, त्यामुळे एरवी घेतलेलं माप फसवं निघतं. नखं कापून, हात धुवून उकिडवं बसा आणि मधलं बोट हळूच आत घाला. आतल्या भिंती मऊ, सुरकुतलेल्या लागतात. गर्भाशयमुख मात्र नाकाच्या शेंड्यासारखं घट्ट आणि गुळगुळीत, मधे बारीक खळगी असलेलं. ते लागलं की बोट जिथवर आत गेलंय तिथे अंगठ्याने खूण धरा, बाहेर काढून पट्टीवर मोजा. एक पेर आत गेल्यावर लागलं तर ते खाली आहे, दोन पेरांवर मध्यम, अख्खं बोट जाऊनही लागत नसेल तर उंच.

आता पाकिटावरचे आकडे वाचा. कपची लांबी दोन प्रकारे देतात, तळाच्या दांडीसकट आणि दांडीशिवाय. तुम्हाला दांडीशिवायची हवी, कारण दांडी कापता येते, कप नाही. माप ४५ मिमीच्या आत आलं तर अंगाने ४० मिमीच्या आसपासचा, बसका, घंटेसारखा कप बघा. मध्यम असेल तर ४५ ते ५० मिमी. उंच असेल तर लांब अंगाचा आणि लांब दांडीचा घ्या, नाहीतर काढताना बोट पोचणार नाही. तोंडाचा व्यास लहान मापात ४० ते ४३ मिमी आणि मोठ्यात ४५-४६ मिमीच्या घरात असतो. हा फरक जेमतेम तीन ते पाच मिमीचा आहे. लोक त्यावरच डोकं फोडतात आणि लांबी बघायची राहून जाते.

व्यासाहून महत्त्वाचा कडकपणा, आणि तो तक्त्यात नसतो. कडक कप आत पटकन उघडतो, पण मूत्राशयावर दाब देऊ शकतो. सारखं लघवीला जावंसं वाटतं किंवा धार बारीक होते ते त्यामुळे. मऊ कप जाणवत नाही, पण घडी उलगडायला कुरकुर करतो. पहिला कप मध्यम घ्या. भरपूर व्यायाम असेल तर कडककडे झुका, कारण घट्ट स्नायू मऊ कप चेपतात.

क्षमतेबद्दल थोडं. एका अख्ख्या पाळीत साधारण ३० ते ४० मिली रक्त जातं. कप १५ ते ३० मिलीचे असतात. पण छापलेली क्षमता कधी काठापर्यंतची असते आणि कडेखालच्या भोकांपर्यंत भरला की कप पाझरायला लागतो, म्हणून त्यातले थोडे मिली वजाच धरा. आतल्या रेघांचा मात्र मोठा उपयोग आहे. दर वेळी ओतण्याआधी आकडा टिपून ठेवा. पूर्ण पाळीची बेरीज ८० मिलीच्या वर जात असेल तर ते 'अंगावर जाणं' झालं. हिमोग्लोबिन तपासा आणि डॉक्टरांना तो कागद दाखवा. 'खूप जातं हो' यापेक्षा '११० मिली जातं' हे वाक्य दवाखान्यात लवकर ऐकलं जातं.

घेताना मेडिकल ग्रेड सिलिकॉन, उत्पादकाचा पत्ता, बॅच नंबर आणि आत माहितीपत्रक एवढं पाहा. यातलं काहीच नसलेले कप ऑनलाइन अगदी स्वस्तात मिळतात. ते नकोत. पाकीट फोडलेला कप परत घेत नाहीत, म्हणून मोजल्यावरच मागवा.

तिरफळ

रानजाईंनी मापाचं सांगितलं, मी घालण्या-काढण्याचं लिहिते. कप सोडून देणाऱ्या बहुतेकजणी इथेच सोडतात.

घड्या तीन शिकल्या तरी पुरे. सी घडी: तोंड चेपून सपाट करा आणि मधोमध दुमडा. सोपी, पण तोंड जाड राहतं. पंच डाउन: कडेची एक बाजू बोटाने आत, तळाकडे दाबा आणि उरलेली बाजू भोवतीने धरा. टोक निमुळतं होतं, म्हणून सुरुवातीला हीच बरी. सात घडी: तोंड सपाट करून एक कोपरा तिरका खाली, सातच्या आकड्यासारखा. ही आत सगळ्यात सहज उघडते. आधी नुसत्या हातात दहा-वीस वेळा करा, घडी बोटांत धरून ठेवायची सवय होऊ द्या. मधेच सुटली तर कप फटकन उघडतो आणि दचकायला होतं.

पहिला प्रयत्न पाळी चालू असताना, शक्यतो सुट्टीच्या दिवशी. कोरड्या दिवसांत सराव करू नका. ओलावा नसतो, खरचटतं, आणि 'आपल्याला जमत नाही' असा चुकीचा ग्रह होतो. कप पाण्याने ओला करा. उकिडवं बसा, किंवा एक पाय बादलीवर ठेवा.

दिशा सरळ वर नाही, मागे माकडहाडाकडे. योनीमार्ग तिरका असतो, सरळ वर दाबलं की कप भिंतीवर अडतो आणि दुखतं. अख्खा कप आत गेला की बोटं सोडा. तो अगदी वर ढकलायचा नसतो, दांडीचं टोक जेमतेम आत राहील इतकाच. चालताना तो आपली जागा घेतो.

उघडला का हे तपासल्याशिवाय उठायचं नाही. कपच्या तळाभोवती बोट फिरवा. गोल लागला तर उघडला. कुठे खळगा किंवा दुमड लागली तर तळ चिमटीत धरून अर्धा फेरा फिरवा. दांडी धरून फिरवू नका, ती नुसती पिळते. तरी नाही उघडला तर कपच्या बाजूची योनीची भिंत बोटाने किंचित बाहेर दाबा. हवा आत शिरली की तो उघडतो. मग दांडी अगदी हलकी ओढा. जरा तटल्यासारखी वाटली तर सील बसलं, म्हणजे कपची कड भिंतीला हवाबंद चिकटली.

काढताना हात धुवा, उकिडवं बसा, शौचाला कुंथतो तसं हलकं कुंथा. कप खाली येतो. दांडीचा उपयोग फक्त तळापर्यंतची वाट दाखवायला. तळ अंगठा आणि बोटाने चेपा आणि थांबा. हवा शिरल्याचं कळतं, कधी आवाजही येतो. सील सुटल्याशिवाय नुसता ओढला की गर्भाशयमुखावर ओढ बसते, आणि कॉपर-टी असेल तर हाच मुख्य धोका. मग डावी-उजवी बाजू करत खाली आणा, आधी एक कड बाहेर, मग दुसरी. सरळ धरलात तर सांडत नाही. पहिल्यांदा मोरीत किंवा न्हाणीघरात काढा, सांडलं तरी एक मग पाणी ओतलं की झालं.

कप आत हरवत नाही. योनीमार्ग वरून बंद असतो, आणि गर्भाशयमुखाचं छिद्र इतकं बारीक की त्यातून कप जाण्याचा प्रश्नच नाही. सापडत नसेल तर बहुधा घाबरून स्नायू आवळलेले असतात. उठा, पंधरा-वीस मिनिटं काहीतरी दुसरं करा, कोमट पाण्याने आंघोळ करा, मग पुन्हा उकिडवं बसा. तरीही नाहीच निघाला तर दवाखान्यात मिनिटभराचं काम असतं.

दांडी बाहेर टोचत असेल तर कापा, पण कप बाहेर काढून, एका वेळी दोन-तीन मिमी, आणि कापलेली कड नेल फाइलने घासून गुळगुळीत करून. तळाला कात्री लागता कामा नये. दोन पाळ्या वापरून झाल्याशिवाय कापूही नका, कारण पहिल्या पाळीत कप जरा खालीच बसतो.

चिंचोके

घालताना कडेला खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं, सहज जातो. पांढऱ्या थराला व्हिनेगर, आणि उकळताना पाण्यात डेटॉलचे दोन थेंब. इतकं सोपं आहे, उगाच बाऊ करू नका.

तिरफळ

@चिंचोके, यातलं एक अर्धं बरोबर आहे, दोन सल्ले मागे घ्या.

डेटॉल अजिबात नको. त्याचा अंश आणि वास सिलिकॉनवर राहतो आणि आतल्या नाजूक त्वचेची आग होते. सॅव्हलॉन, ब्लीच, वासाचा साबण, भांड्याचा साबण, टाल्कम पावडर हे सगळं त्याच यादीत. बिनवासाचा सौम्य साबण किंवा नुसतं पाणी पुरतं.

तेलाचा तवंग भोकांमध्ये आणि अक्षरांच्या खाचांत बसतो, नुसत्या पाण्याने निघत नाही आणि पुढे वास धरतो. सिलिकॉन निदान तग धरतं. लेटेक्सचा कप तेलाने कमजोर होतो आणि टीपीईचाही (रबरासारखं मऊ प्लास्टिक) बिघडू शकतो. पाणी पुरत नसेल तर पाण्यावर आधारलेली जेली घ्या. सिलिकॉनवर आधारलेली जेली सिलिकॉनच्या कपला चालत नाही, पृष्ठभाग चिकट होतो.

व्हिनेगरने क्षार सुटतात हे खरं, पण बऱ्याच कंपन्या आपल्या पत्रकात तो वापरू नका म्हणतात. तुमच्या पत्रकात परवानगी असेल तरच, भरपूर पाणी घालून, आणि नंतर साध्या पाण्यात पुन्हा उकळून. त्यापेक्षा थर बसूच द्यायचा नाही हे सोपं, ते खाली कुणीतरी लिहीलच.

आडवाट

पाण्याचं मी लिहितो. घरात बायको आणि दोन मुली वापरतात, त्यामुळे साफसफाईचं खातं माझ्याकडे आहे.

बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी उकळलं की ते सुटे होऊन पृष्ठभागावर बसतात. म्हणजे थर येतो तो उकळण्याने, धुण्याने फारसा नाही. तेव्हा धुवायला बोअरचं पाणी चालेल, उकळायला मात्र आरओचं घ्या, साध्या फिल्टरने क्षार निघत नाहीत. लागतं किती, अर्धा लिटर, महिन्यातून दोनदा. थर बसलाच तर कप आरओच्या पाण्यात तासभर भिजवून मऊ ब्रशने घासा. ब्रश त्याच कामाचा वेगळा ठेवा.

उकळण्याची रीत: कप पूर्ण बुडेल इतकं पाणी, उकळी फुटल्यावर ५ ते ७ मिनिटं. कप तळाला टेकला तर तिथे जास्त तापून खराब होतो. तो ताक घुसळायच्या तारेच्या रवीच्या पिंजऱ्यात अडकवा, आपोआप अधांतरी राहतो. गजर लावा. पाणी आटून करपलेला कप हा या वस्तूचा सगळ्यात सामान्य शेवट आहे.

गॅस टाळायचा असेल तर तीन वाटा. मायक्रोवेव्ह असेल तर झाकणाला भोक असलेला डबा, कप बुडेल इतकं पाणी, आणि पत्रकात दिलेली मिनिटं. नुसता कोरडा कप आत ठेवू नका. दुसरं, बाळाच्या बाटल्यांचं वाफेचं स्टरिलायझर, ते खोलीतल्या प्लगवर चालतं. तिसरं, बाटल्यांसाठीच्या निर्जंतुकीकरणाच्या गोळ्या. गार पाण्यात विरघळतात, प्रमाण आणि वेळ पाकिटावर असते, नंतर कप स्वच्छ पाण्याने धुवायचा. गोळ्यांना आवाज नाही, वाफ नाही, परिषद नाही. फक्त कपच्या पत्रकात गोळ्या चालतील असं लिहिलंय का ते पाहून घ्या. साधी इलेक्ट्रिक किटली उकळी आली की बंद पडते, त्यामुळे पाच मिनिटं उकळणं तिच्यात होत नाही.

भोकं: कडेखाली चार बारीक भोकं असतात. ती बुजली की काढताना सील सुटत नाही आणि घालताना बसत नाही. कप पाण्याने भरा, तोंडावर तळहात घट्ट दाबा, कप दाबा. चारही भोकांतून पिचकारी निघाली की साफ. टाचणी, सुई घालू नका, भोक फाटतं.

ठेवायचा सुती पिशवीत. हवाबंद डब्यात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत ओल राहते, वास धरतो. डाग पडून पिवळट झाला तर त्याने काही बिघडत नाही, उकळून दोन-तीन तास उन्हात ठेवा. पण पृष्ठभाग चिकट किंवा भुकटी सुटल्यासारखा झाला, चीर दिसली, किंवा उकळूनही वास जात नसेल तर नवा घ्या. नीट सांभाळला तर पाच ते दहा वर्षं चालतो.

ऑफिसच्या संडासाचं खरं तर तुमच्या बाजूने आहे. उकिडवं बसणं ही काढायला सगळ्यात सोयीची बैठक, आणि आत नळ आहे. हात आधी बाहेरच्या बेसिनवर साबणाने धुवा, मग आत जा. दाराची कडी तेवढी कोपराने. नळाचं पाणी टाकीचं असेल तर पाव लिटरची पिण्याच्या पाण्याची बाटली आत न्या, ओतून झाल्यावर कप तिच्याच पाण्याने विसळून परत घाला. पाणी नसेलच तर स्वच्छ टिश्यूने पुसून घातला तरी चालतो, घरी आल्यावर धुवायचा. पण मुळात ऑफिसात काढायची वेळ यायलाच नको: सकाळी निघताना आणि संध्याकाळी आल्यावर. फक्त पहिले दोन दिवस हिशेबात ठेवा.

एक उशिरा सुचलेलं. आधी गार पाण्याने धुवा, मग कोमट. गरम पाण्याने रक्त थिजून डाग पक्का होतो, कपड्यांचं असतं तसंच.

कोरांटी

कॉपर-टीचं कुणी नीट लिहिलेलं नाही, म्हणून.

धोका खरा आहे, मोठा नाही, पण डोळेझाक करण्याइतका छोटाही नाही. २०१९ मध्ये लॅन्सेट पब्लिक हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात कपवरच्या ४३ अभ्यासांचा एकत्र आढावा आला, एकूण ३३१९ जणींचा. त्यात कप वापरताना गर्भाशयातलं साधन सरकल्याच्या १३ नोंदी आहेत, बसवल्यापासून एका आठवड्यापासून तेरा महिन्यांपर्यंतच्या. कारण दोन प्रकारे समजतं: सील न सोडता ओढल्याने बसणारी ओढ, आणि तळ पकडताना चिमटीत कॉपर-टीचा दोराही येणं.

तुमची दीड वर्षांची आहे, त्यामुळे नुकत्याच बसवलेल्यांपेक्षा तुमची परिस्थिती बरी. तरी कप घेण्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा, दोरे लांब असतील तर आखूड कापून घ्या. कप खाली बसणारा निवडा. सील सोडल्याशिवाय कधीही ओढू नका. दर पाळी संपली की दोरे बोटाला लागतात का ते पाहा. अचानक लांब लागले, लागलेच नाहीत, किंवा टणक टोक लागलं तर सोनोग्राफी होईपर्यंत निरोध वापरा. काही डॉक्टर कॉपर-टी असताना कप नकोच म्हणतात. तुमच्या डॉक्टरांचं मत तसं असेल तर इथल्या प्रतिसादांवर विसंबून त्याच्या उलट जाऊ नका.

बारा तासांबद्दल. बहुतेक पत्रकांवर ८ ते १२ तास ही कमाल मर्यादा असते, तुमच्या पत्रकात असेल ती पाळा. टॉक्सिक शॉक सिंड्रोम स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूच्या विषामुळे होतो. फार दुर्मिळ आहे, वरच्या आढाव्यात कपशी जोडलेल्या ५ नोंदी होत्या, पण जिवावर बेततो. कप आत असताना एकाएकी ३९ अंशांच्या वर ताप, उलट्या-जुलाब, ऊन लागल्यासारखी लाल अंगकांती, चक्कर, असं काही झालं तर कप लगेच काढा आणि थेट दवाखाना गाठा. तिथे 'कप वापरत होते' हे पहिल्याच वाक्यात सांगा.

उकळण्यावरून थोडा मतभेद आहे, तो माहीत असावा. कंपन्या म्हणतात पाळीच्या आधी आणि नंतर उकळा, मधे धुतलं की पुरे. फ्रान्समधल्या एका प्रयोगशाळेने २०१८ मध्ये दाखवलं की नुसत्या पाण्याने धुतल्यावरही या जिवाणूचा चिकट थर कपवर टिकतो, म्हणून त्यांनी दुसरा कप ठेवून मधे उकळायची सूचना केली. प्रयोगशाळेतलं निरीक्षण म्हणजे रोजचा धोका नव्हे, पण परवडत असेल तर दोन कप आलटून पालटून वापरण्यात तोटा नाही. ऑफिसातली विसळाविसळही वाचते.

कोणी वापरू नये: बाळंतपण किंवा गर्भपातानंतर डॉक्टर हो म्हणेपर्यंत, म्हणजे निदान सहा आठवडे. अंग बाहेर येत असेल तर. दुर्गंधीचा स्राव, खाज किंवा संसर्ग असताना. टॉक्सिक शॉक आधी होऊन गेला असेल तर. लेटेक्सची ॲलर्जी असेल तर लेटेक्सचा कप नको, सिलिकॉनचा चालेल. आणि बोट आत घालतानाच स्नायू घट्ट आवळून दुखत असेल तर जबरदस्ती करू नका, तो वेगळा त्रास आहे आणि त्यावर उपचार आहेत.

क्वचित दिसणारी एक गोष्ट: कप आत असताना कमरेच्या एका बाजूला कळ यायला लागली आणि काढल्यावर थांबली, तर कप मूत्रवाहिनीवर दाबतोय का ते तपासायला हवं. आढाव्यात मूत्रपिंडाला सूज आल्याच्या तीन नोंदी आहेत. अशा वेळी त्याच कपने पुन्हा प्रयत्न करत बसू नका.

निशिगंध

धाग्याला जोडूनच विचारते. मुलींच्या वसतिगृहासाठी माहिती जमवतेय. पहिला प्रश्न हमखास येतो: लग्नाआधी चालतो का?

कोरांटी

चालतो. योनीपटल म्हणजे भोकावर लावलेलं झाकण नव्हे, योनीच्या तोंडाशी असलेली पातळ घडी असते, तिला आधीच छिद्र असतं, म्हणून तर पाळी बाहेर येते. कपने ती ताणली जाऊ शकते, क्वचित थोडी फाटूही शकते. पण तिच्या स्थितीवरून शरीरसंबंध आला की नाही हे सांगताच येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये कौमार्य चाचणीला शास्त्रीय आधार नाही असं स्पष्ट म्हटलंय, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९ मध्ये तो भाग अभ्यासक्रमातून काढला, आणि बलात्काराच्या प्रकरणांतली 'दोन बोटांची चाचणी' सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा एकदा फटकारली. मुलींना हे सगळं सांगा, आणि हेही सांगा की घरच्यांची समजूत वेगळी असू शकते, तेव्हा निर्णय तिचा.

व्यवहारात: लहान मापाचा, मऊ कप, पंच डाउन घडी, आणि आधी एका बोटाची सवय. बोट सहज जात नसेल तर कप लांबच ठेवा. वसतिगृहात कप उकळायला सामाईक पातेलं नको, गोळ्या किंवा वाफेचं यंत्र. आणि कप एकमेकींना देऊ नका, बहिणींनीसुद्धा.

वाटाणा

निशिगंध, नुसते कप वाटू नका. केरळात अलप्पुळा नगरपालिकेने २०१९ मध्ये हजारोंनी कप वाटले, आणि कुंबळंगी पंचायत जानेवारी २०२२ मध्ये सॅनिटरी पॅडमुक्त जाहीर झाली. वाटपाबरोबर प्रशिक्षणही होतं. वसतिगृहात निदान तीन पाळ्यांपर्यंत विचारायला कुणीतरी हाताशी असू द्या. वरच्या लॅन्सेटच्या आढाव्यातही सवय व्हायला काही पाळ्या जातात असंच म्हटलंय.

सदाफुली, पहिल्या दोन-तीन पाळ्यांत आधाराला कापडी पॅड ठेवा. उरलेले जुने पॅड वापरून संपवाल तेव्हा कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेने सुरू केलेली ही खूण इतरत्रही उपयोगाची आहे, वेचणाऱ्या बाईला पुडी उघडावी लागत नाही.

सदाफुली

सगळ्यांचे आभार. मोजलं: ४८ मिमी. डॉक्टरांनी दोरे आखूड केले. ४५ मिमी अंगाचा, मध्यम कडक कप घेतला, गोळ्या आणल्या. आता एक नवीन कोडं. कप काढला तर त्यात जेमतेम ५ मिली आणि पॅडवर मात्र चांगला डाग. भरलेलाच नाही तर गळतो कसा?

तिरफळ

अर्धा रिकामा कप गळतोय याचा अर्थ माप नाही, जागा चुकतेय. क्रमाने बघा.

एक, उघडलाच नसेल. तळ गोल लागतो, पण कड दुमडलेली राहते. बोट कडेपर्यंत नेऊन तपासा. पंच डाउनऐवजी सात घडी घालून पाहा.

दोन, आणि माझा संशय याच्यावर: कप गर्भाशयमुखाच्या शेजारी बसलाय, खाली नाही. मग रक्त कपच्या बाहेरून ओघळतं. घालण्याआधी बोटाने गर्भाशयमुख कुठे आहे ते शोधा. ते मधोमध नसतं, बऱ्याचदा पुढे किंवा एका बाजूला झुकलेलं असतं. कप त्या दिशेला वळवा, उघडल्यावर कडेपर्यंत बोट नेऊन गर्भाशयमुख कपच्या आत आहे याची खात्री करा.

तीन, गर्भाशयमुखच कपमध्ये उतरून जागा व्यापतं. मग कप लवकर भरतो, पण ओतल्यावर थोडंच निघतं. ४८ ला ४५ म्हणजे ही शक्यता तशी कमी, पण पाळीत ते आणखी खाली येतं.

चार, बद्धकोष्ठ. मागून भरलेलं आतडं कपला एका बाजूने चेपतं. शौचाला जाऊन आल्यावर कप एकदा तपासा, कुंथताना तो सरकलेला असतो.

रानजाई

पाचवं मी जोडते. डाग कसा आहे? सतत ओलं आणि लाल असेल तर वरचं सगळं. पण घातल्यानंतर पहिल्या अर्ध्या तासात थोडंसं तपकिरी, चिकट आलं आणि थांबलं, तर ती गळती नाही. कप घालण्याआधी योनीच्या भिंतींना लागलेलं उरलंसुरलं खाली येतंय. घातल्यावर बोटाने तोंडाशी एकदा पुसून घेतलं की पॅड कोरडा राहतो.

आणि भोकं बघा. नवीन कपमध्ये साच्यातला बारीक पडदा कधी कधी भोकात राहून गेलेला असतो. उजेडासमोर धरा, चारही आरपार दिसली पाहिजेत.

सदाफुली

चारपैकी एक बंद होतं. आडवाटांची पिचकारी केली, सुटलं. गर्भाशयमुख डावीकडे झुकलेलं आहे, तेही आज कळलं. उद्या सात घडी, डावीकडे.